दोन गाठी

माझ्या भावाच्या पायांची चौकशी कंपनीच्या गेटपासून दिघीतल्या पिठाच्या गिरणीपर्यंत सगळे करायचे. मे महिन्यातल्या डांबरावरून माणूस अनवाणी चालतोय म्हटल्यावर लोक विचारणारच. भाऊ, कुठल्या देवाचं? तो म्हणायचा, घरच्या. लोक हात जोडायचे आणि मला हसू यायचं.

देव कसला, सूड होता. आमचं गाव मराठवाड्यातलं. पोळ्याला तोरणाखालून कुणाचे बैल आधी जायचे, यावरून माझ्या वडिलांना त्यांच्या सख्ख्या चुलतभावानं वेशीत कुऱ्हाडीनं तोडलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मानेवर. बैलांच्या झुली भिजल्या. साक्ष द्यायला गाव फिरकलं नाही. मारणारा सुटला आणि चार वर्षांनी अंथरुणात सुखानं मेला.

आमच्या भावकीत उट्टं काढायच्या रीती लग्नाच्या रीतींइतक्या पक्क्या आहेत. मारणारा आपल्या मरणानं मेला तर ते त्याच्या लेकावर काढायचं. मेलेल्याच्या मुलानं तोवर पायात काही घालायचं नाही. वैऱ्याच्या हातचं पाणी प्यायचं नाही. वार समोरून करायचा, मेलेल्याचं नाव घेऊन, आणि अनवाणी पायानं. नाहीतर तो मेलेल्याला पोचत नाही. मला हे पाढ्यांसारखं पाठ होतं. खरं सांगायचं तर राग माझाच जास्त होता. भाऊ मुळात मऊ. लहानपणी कोंबडी कापताना घराबाहेर जाऊन बसणारा.

चाकणला प्रेसशॉपमध्ये लागला आणि पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. सेफ्टी शूज नाहीत तर आत पाऊल नाही. दोन दिवस आम्हा तिघांच्या दिघीच्या घरी बसून राहिला. गावाकडे फोन गेले, म्हाताऱ्यांनी खल केला. शेवटी आईनं बूट हातात घेतला, त्याच्या लोखंडी टोकावर टकटक वाजवून पाहिलं आणि निकाल दिला.

"हे पायताण न्हाई. हे कंपनीचं हत्यार हाय. आत घाल, फाटकाभाईर काढ."

तेव्हापासून तो गेटाबाहेर दगडावर बसून रोज बूट काढायचा. लेस मशीनमध्ये जाऊ नये म्हणून दोन गाठी मारायचा, त्यामुळे सोडायला वेळ लागायचा. वर्षानं कंपनीनं नवा जोड दिला, तो मात्र त्यानं लॉकरात खोक्यातच ठेवला. काम झालं की हा घालून गावात जाईन, म्हणाला. काम झाल्यावर माणूस गावात जात नाही, तुरुंगात जातो, हे आम्हा तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

वैऱ्याचा लेक कधीच गाव सोडून गेला होता, त्याला शोधलं मी. आईला ताप होता म्हणून पिंपळे गुरवच्या डॉक्टरांकडे रिपोर्ट दाखवायला गेले होते. ऊन मी म्हणत होतं. चौकात शहाळ्यांची गाडी होती. गाडीवाल्यानं कोयत्याच्या तीन घावांत शहाळं उघडलं, मी पाणी प्यायले, आणि तो मान वळवून म्हणाला, ताई, मलई काढून देऊ का? त्याचा डावा कान वरून दुमडलेला होता. तसाच कान माझ्या वडिलांचा, तसाच भावाचा. त्यानं मला ओळखलं नाही. त्याच्या डोक्यावर चरचरीत ऊन होतं आणि तो मला गाडीच्या छत्रीखाली सरकायला सांगत होता. मी मलई खाल्ली. मग कोपऱ्यावर जाऊन भावाला फोन लावला आणि एकच शब्द बोलले, सापडला. त्याच्या हातचं पाणी प्यायले हे सांगितलं नाही, आजवर आईलाही नाही.

भावाची पहिली शिफ्ट सुटत होती. मी घरी गेले. आईनं तापातच उठून पलंगाखालचा कोयता काढला, त्याला कुंकू लावलं. तो मी बाजाराच्या पिशवीत घातला, वर मेथीची जुडी ठेवली आणि बसनं परत पिंपळे गुरवला आले. पोलिसांना ही पिशवी मी कधी सांगितली नाही. इथे लिहिते आहे.

भाऊ मोटरसायकल उडवत आला होता. मी कोयता दिला. तो सरळ शहाळ्यांच्या गाडीसमोर गेला आणि त्यानं वडिलांचं नाव घेतलं, मोठ्यानं, पूर्ण नाव. शहाळंवाल्यानं मान वर केली. त्याला काही उमगलं नव्हतं, गिऱ्हाईक काय म्हणतंय असंच त्याच्या तोंडावर होतं. एक घाव पुरला असता.

आणि भावानं खाली पाहिलं. माझ्या फोननंतरच्या घाईत तो गेटावर बसलाच नव्हता. पायांत बूट तसेच होते.

"थांब," तो त्याला म्हणाला. कोयता खाली ठेवला, गुडघा टेकला आणि लेस सोडायला लागला.

मी ओरडायला हवं होतं, राहू दे, मार. पण मलाही क्षणभर तेच बरोबर वाटलं. एक बूट निघाला. दुसऱ्याची गाठ बसली होती, तो नखानं ओढत होता. तेवढ्यात शहाळ्याचा कोयता त्याच्या मानेवर बसला. मग पाठीवर, मग पुन्हा मानेवर. आवाज शहाळं फोडल्याचाच. सालपटांच्या ढिगावर तो तोंडावर पडला आणि रक्त गटाराच्या झाकणापर्यंत गेलं. हात शेवटपर्यंत लेसवर होता. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. त्याच्या मदतीला गेले नाही. याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

शहाळंवाला पळाला नाही. गाडीच्या चाकाला टेकून बसला, कोयता टाकला आणि माझ्याकडे बघत रडायला लागला.

"ताई, सरळ वार केला असता तर मला कळलं बी नसतं. बूट काढाया बसला तवा कळलं."

तोही आमच्याच भावकीचा. रीत त्यालाही पाठ होती.

तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर आईनं दारातल्या माझ्या चपला उचलल्या आणि बाहेर जाऊन कचऱ्याच्या गाडीत टाकल्या. आत आली, माझ्यासमोर बसली.

"लेक असलीस म्हणून काय झालं? आता तू. तो जामिनावर सुटंल तवा बघू."

मी हो म्हणाले नाही, नाही म्हणायचीही छाती झाली नाही. चार दिवस अनवाणी हिंडले. पाय पोळले, आणि लाज वाटते पण सांगते, बरंही वाटलं. तो राग अजून माझ्यात होता, जिवंत.

पाचव्या दिवशी कंपनीतून भावाच्या लॉकरचं सामान आलं. डबा, कंगवा, आणि ते खोकं. बुटांना अजून नव्या रबराचा वास होता. माझ्या पायाला ते दोन बोटं मोठे. मी पुढे कापूस कोंबला, आईच्या समोर उंबऱ्यावर बसले आणि पाय आत सरकवले. ती बघत राहिली.

"काढ ते."

"न्हाई आई," मी म्हणाले. "हे सोडायला लई वेळ लागतो."

आणि मी लेसला दोन गाठी मारल्या.