भिंतीवरचा कोच

सत्तरच्या दशकात अंधेरीच्या आमच्या गावठाणात, चर्चमागच्या सिमेंटच्या छोट्या चौकात आम्ही पाच-पाच जण फुटबॉल खेळायचो. शिकवायला एक माणूस आपणहून यायचा. तोंडावर त्याला सर म्हणायचो, नाव कुणीच विचारलं नाही. गळ्यात शिट्टी, पायात खडू फासलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. ते मळतील म्हणून पठ्ठ्याने बॉलला कधी पाय लावला नाही. भिंतीवर बसून नुसता ओरडायचा, "तळव्याखाली दाब! लगेच पास दे! रिकामी जागा बघ रे, गाढवा!"

एका संध्याकाळी गडी कमी पडला म्हणून तो उतरला. बॉल त्याच्या तळव्याखाली एकदाही थांबेना. तेवढ्यात चर्चची प्रार्थनेची घंटा वाजली. रोजच्यासारखे आम्ही होतो तिथेच माना खाली घालून उभे राहिलो. गोलकीपरने तर डोळेही मिटले. सरांनी इकडेतिकडे पाहिलं, बॉल हळूच गोलात ढकलला आणि शिट्टी फुंकली.

प्रार्थना संपल्यावर गोलकीपर म्हणाला, "सर, आम्ही प्रार्थना करत होतो ना!"

"म्हणूनच सांगतो," बूट झटकत तो म्हणाला, "रिकामी जागा बघायला शिका."

दुसऱ्या दिवसापासून स्वारी परत भिंतीवर. नव्या पोरांना तो गोल रंगवून सांगायचा. घंटा तेवढी वगळायचा.