वाचनालयाचं मालवणी बटण

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. एक समिती नेमा, बस्स! बाकीचं समितीच बघते. आमच्या जामसंड्याच्या वाचनालयाने ठरवलं, आपला ब्लॉग हवा, तोही मराठी, मालवणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. मी स्टॅटिक साइट जनरेटर निवडला. प्रत्येक लेखाची एक साधी फाइल, प्रत्येक भाषेचा एक फोल्डर, एक कमांड दिली की अख्खी साइट तयार! यंत्राने मला कधी त्रास दिला नाही. माणसांनी दिला.

* * *

सेटिंगमध्ये प्रत्येक भाषेचा कोड टाकावा लागतो. तयार यादीत मराठी होती, इंग्रजी होती, कुठल्या कुठल्या बेटांवरच्या भाषा होत्या. मालवणी नव्हती. आमचे अध्यक्ष बापूसर, निवृत्त हेडमास्तर, शेजारी बसून बघत होते. खूश होऊन म्हणाले, "बघ, मालवणी ही भाषा न्हय, ह्या यंत्राकसुद्धा कळता!"

माझं डोकंच फिरलं. मी मालवणीसाठी स्वतःचा कोड लिहिला. साइट मुकाट चालली.

* * *

मालवणीसाठी मी दहा जणांकडे लेख मागितले. सगळे मालवणीत भांडणारे, मालवणीत शिव्या देणारे. लेख आले ते "सप्रेम नमस्कार, विनंती विशेष" असे! दहाच्या दहा!

त्या दहांतलेच एक आमच्या समितीचे चिटणीस. मी त्यांना जाब विचारला. ते म्हणाले, "लिवचा म्हटला काय हात आपसूकच शुद्ध जाता गो!" वर चहाही मागितला.

* * *

एकटी फिलूमाय कामाला आली. ऐंशीला टेकलेली, आमच्या मागच्या वाडीतली. तिची नातवंडं गोव्यात वाढतात. त्यांनी आपलं बोलणं आपल्याच शब्दांत वाचावं, एवढीच तिची इच्छा. विहीर आटली त्या सालची हकिकत तिने सांगितली आणि मी जशीच्या तशी टाइप केली. "त्या साली बावीत थेंब नाय, आणि घरात सात तोंडां!"

बापूसरांनी फाइल प्रूफ बघायला म्हणून घेतली. परत आली तेव्हा लिहिलं होतं, "त्या वर्षी जलाभावामुळे आमच्या कुटुंबाची अत्यंत हेळसांड झाली."

मी फिलूमायला वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "बरा आसा. पण ही बाई कोण गो?"

* * *

मग चिटणीसांना कल्पना सुचली. साइटवर भाषा निवडायची जी तीन बटणं होती, त्यातल्या मालवणीच्या बटणावर 'मालवणी' नको, 'गंमतजंमत' लिहूया! "लोक हसतत, बरा वाटता!"

त्या दिवशी मी खरंच ओरडले. फिलूमायचा नवरा गेला तेव्हा ती मालवणीतच रडली, ती काय गंमत होती? आपली भाषा म्हणजे काय फक्त नाटकातल्या गड्याने बोलायची? चिटणीस पुटपुटले, "रागावतस कित्याक?"

* * *

शेवटी समितीने सभा बोलावली. विषय एकच: मालवणी फोल्डर काढून टाकावा का? म्हणजे फिलूमायचा लेखही गेलाच.

बापूसर उभे राहिले. "मालवणी ही बोलूची भाषा, लिवची न्हय! ह्या भाशेत गंभीर विषय मांडूकच येयत नाय!"

"खरा आसा!" चिटणीस म्हणाले.

दोन तास! एकेकाने हिरिरीने मुद्दे मांडले, टेबलं बडवली, एकमेकांचे आजे-पणजे काढले, आणि सगळं मालवणीत! एक शब्द प्रमाण मराठीत नाही. ठराव मात्र पुढच्या सभेवर गेला, कारण बापूसरांचं बोलणं संपेना.

इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. बापूसरांनी जाताना बजावलं, "शब्दन् शब्द घे. माझा काय गाळू नको."

मी फोनवर सगळं रेकॉर्ड केलं होतं. घरी आले, जमेल तेवढं उतरवलं आणि मालवणी फोल्डरमध्ये टाकलं. शेजारी फिलूमायची हकिकत, तिच्या शब्दांत, पूर्ण. कमांड दिली.

सकाळी सातला बापूसरांचा फोन. आवाज चढलेला.

"गो, त्या फिलूचा सगळा घातलंस, आणि माझा अर्धाच? बाकीचा खंय आसा?"