बारा वाव तार

मामा गेल्याचं मामींनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी ठाण्यात ऑफिसमध्ये होते. "बरं," एवढंच म्हणाले... रडू आलं ते जव्हारच्या घाटात, जीपमध्ये. गप्प बसायची माझी सवय जुनी. एकदा मामांसमोरही अशीच बसले होते.

मामा जव्हारचे वायरमन. टेप कधी वापरली नाही. दोन्ही हात पसरले की एक वाव, अशी तार मोजायचे. मी इंग्रजी शाळेतून इंजिनिअरिंगला गेल्यावर "आमची साहेबीण" म्हणून ओळख करून द्यायचे, आणि मी चपलांकडे बघत राहायचे.

शेवटच्या वर्षाच्या सुट्टीत त्यांच्यासोबत मोखाड्याला हिराबाईंच्या भातगिरणीवर गेले. वीज कंपनीचे तपासणीचे साहेब वीजचोरीचा पंचनामा लिहायला बसले होते. मुख्य केबलमधल्या करंटपेक्षा मीटर कमी दाखवत होता, आणि गिरणी भरात आली की फरक वाढत होता. मीटरला हात लावला असेल तर हात झडू दे, असं हिराबाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

मला कारण दिसलं होतं. वर्षापूर्वी मीटर फाटकाजवळ हलवला, पण त्याला करंट देणारा छोटा ट्रान्सफॉर्मर आतच राहिला. मध्ये बारा वाव बारीक तार. तिचा रोध त्या ट्रान्सफॉर्मरला पेलवत नव्हता, म्हणून मीटरपर्यंत करंट कमी पोचत होता. तार मामांनीच ओढलेली. मी बोलले तर त्यांचं लायसन जाणार, गप्प राहिले तर हिराबाई चोर ठरणार.

मामा माझ्याकडे बघत होते. "तुला कळलंय ना, बाय? मग सांग की."

मी मान खाली घातली.

"साहेब, चोरी नाही," मामाच म्हणाले. "चूक हाय, नि ती माझी हाय. घरात पडली होती ती तार लावली."

कुणाला वाचवताय, असं विचारत साहेब हसले. मामांनी वीज बंद करून, साहेबांकडून सील उघडून घेतलं आणि मीटर ट्रान्सफॉर्मरशेजारी हातभर जाड तारेवर जोडला. गिरणी सुरू झाली. थोड्या वेळात दोन्ही आकडे जुळले. साहेबांनी पंचनाम्याचा कागद फाडला आणि मामांचं लायसन मागून घेतलं.

परतताना जीपमध्ये ते एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी तू बोल."

ती बारीक तार त्यांनी दाराजवळच्या खिळ्याला टांगून ठेवली होती. तेराव्यानंतर मामींनी ती मला दिली.

गेल्या आठवड्यात ऑफिसात एका वीजजोडणीचा नकाशा मंजूर होत होता. ट्रान्सफॉर्मरपासून मीटर लांब, तार बारीक. सगळे गप्प होते. या वेळी मी बोलले. घरी येऊन हात पसरून ती तार मोजली. माझे हात आखूड... चौदा वाव भरली.