पिंग आणि बारशाचा धपाटा

पोरगा कॅनडात. त्याला मुलगी झाली, पण बारशाला तिकडे आत्या नाही. बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं. म्हणून माझी लेक सकाळीच बेलवलीहून आमच्या बुवापाड्याच्या खोलीत आली. पाळण्यात बाळाच्या जागी वरवंटा निजवला. त्याला कुंची घातली, माझ्या बायकोने शिवलेली. ती दिवाळीनंतर वारली. वरवंटा झकास दिसत होता.

पोराने आधीच सांगितलं होतं, "बाळ जागं आहे तोवर उरका. झोपलं तर आम्हीच नाव सांगून टाकू."

ऐन वेळी लेकीच्या लॅपटॉपवर व्हिडिओ कॉलचं चित्र गोठलं. सूनबाईचं तोंड उघडं ते उघडंच. फोनला आमच्या गल्लीत रेंज नाही.

लेक ऑफिसात कॉम्प्युटरवरच असते. म्हणाली, "पिंग करते."

"म्हणजे?"

"हाक मारायची, ओ येते का बघायचं."

तिच्या विंडोजने चार हाका मारल्या, ओ नाही, गप्प.

"बस? दमलं?"

"विंडोज चारच मारतं हो बाबा."

"तुझी आई मला जेवायला यापेक्षा जास्त हाका मारायची."

माझा लॅपटॉप उल्हासनगरच्या सिंध्याने गळ्यात मारलेला, जुना. त्यात विंडोज नाही, लिनक्स. लेकीने सांगितलं ते एका बोटाने टाइप केलं. तो थांबेचना! पोचत नाही, पोचत नाही, ओळीवर ओळ.

"कंट्रोल सी दाबा, थांबेल."

"हात लावून बघ. हा आपल्यातला आहे."

लेक म्हणाली, "वायफायचा डबा बोलतोय, बाहेरचंच पोचत नाही." बाहेरची वायर येते तो पांढरा डबा दाराजवळ. बघतो तर त्याची पिन जमिनीवर.

"अगं बाई," शेजारच्या मावशी म्हणाल्या, "पाळण्याला लायटिंगची माळ नको का? दुसरी जागाच नव्हती!"

माळ काढली, पिन खोचली. लिनक्स हाका मारतच होता. आणि एकदम ओ आली. मग ओ वर ओ! मी खुर्चीतून असा उठलो की धोतर सुटता सुटता राहिलं.

चित्र पुन्हा हललं. बाळ जागं होतं, जांभया देत. पोराने त्याचा कान लॅपटॉपला लावला. लेक इकडून ओरडली, "कुर्रर्र!" आणि नाव सांगितलं. जमलेल्या बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. मीही घुसलो आणि एक जोरात ठेवून दिला.

"बाबा! तुम्ही कशाला?"

"हा तुझ्या आईचा."

पाठ चोळत लेक म्हणाली, "तिचा याहून जोरात असायचा."

म्हणून अजून एक घातला.