तुझं तू ठरव

माझ्या सासऱ्यांइतका मिळमिळीत माणूस मी जन्मात पाहिला नाही. ओतोसान, म्हणजे जपानीत बाबा, इथं जपानात ग्योतोकुला आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायचे. जेवायला काय करू, एवढं विचारलं तरी उत्तर ठरलेलं : "तुझं तू ठरव."

एक शेजारी न निवडलेल्या कचऱ्याची पिशवी खुशाल त्यांच्या दारापुढे ठेवून जायचा. मी पुण्याची, पदर खोचून भांडायला तयार. पण ओतोसान ती पिशवी घरात न्यायचे, बाटल्या धुवायचे, डबे वेगळे करायचे. वाईटाला विरोध करायचा नाही म्हणे! तो शेजारी घर सोडून जाईपर्यंत निवांत कचरा टाकत राहिला.

ते मेनोनाइट पंथाचे ख्रिस्ती होते. दर रविवारी एका बंद दुकानाच्या माडीवर सात म्हातारी माणसं जमायची आणि पेटी-बिटी काही न घेता नुसत्या गळ्यानं गायची. गाण्यात चार वेगवेगळे सूर एकाच वेळी लागायचे, गाणारे मात्र तीनच सुरांचे. खालचा सूर माझ्या नवऱ्याचा, केन्जीचा. कॉलेजात गेल्यावर त्यानं तिथं जाणं सोडलं, तेव्हापासून तो सूर कुणी उचललाच नाही. "तो केन्जीचा आहे," ओतोसान सांगायचे. पण पोराला एकदा तरी "ये" म्हणावं? छे!

आमची मिओ झाली तेव्हा माझ्या आईनं पुण्याहून घाबरून फोन केला, पोरीच्या डोक्यावर पाणीबिणी घालून तिला ख्रिस्ती नाही ना करणार? मी ओतोसानांना विचारलं. ते हसले. तिला न विचारता कसं करणार, म्हणाले. त्यांच्यात मोठं झाल्यावर, स्वतः ठरवूनच बाप्तिस्मा घेतात. आईचा जीव भांड्यात पडला. मी मनात म्हटलं, असा कारभार असेल तर सातच उरणार.

शेवटच्या आजारात केन्जीनं हॉस्पिटलमध्ये त्यांचा हात धरला. "ओतोसान, मी बाप्तिस्मा घेतो."

जन्मभर ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं. म्हाताऱ्याचे डोळे भरले.

"माझ्यासाठी?"

केन्जीनं मान डोलावली.

"मग नको. तुझं तू ठरव."

अहो, मरताना तरी हो म्हणावं की नाही माणसानं! मला इतका संताप आला की मी उठून बाहेर गेले.

अंत्यविधीला उरलेले सहाजण गायला उभे राहिले. खालचा सूर मोकळाच. केन्जी पहिल्या रांगेत, तोंड मिटून. मी त्याला कोपरानं ढोसलं, म्हटलं, गा की आता.

तो हळूच म्हणाला, "माझं अजून ठरलं नाही."

बापाचाच मुलगा. मला त्या दोघांचा राग आला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, रडू फुटलं.