तारांखालची बस

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, आजोबा बाल्कनीत काठी घेऊन काय करत होते. आजोबा शेजारीच बसले होते, म्हणून मी "कपडे वाळत घालत होते" असं सांगितलं. ते खरं नव्हतं. खरं काय ते क्रमाने लिहिते. तुमची आई वाचून दाखवेल. अडेल तिथे तिला थांबवा.

इथे जपानात, ग्योतोकुला, तुमच्या मामाचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. इथे प्रत्येक बाल्कनीत कपडे वाळवायला एक लांब काठी असते. मामाकडे स्टीलची आहे, ओढली की लांब होते. त्या सकाळी मामा ऑफिसला गेला होता. मामी आतल्या खोलीत मीटिंगमध्ये होती आणि तिचं "हाय, हाय", म्हणजे जपानीतलं "हो, हो", दाराबाहेर ऐकू येत होतं. मी स्वयंपाकघरात दह्याचे डबे धुऊन पुसत होते, कारण दुसऱ्या दिवशी प्लास्टिकच्या कचऱ्याचा वार होता. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या जपानी आजी ओरडायला लागल्या, "आबुनाई! आबुनाई!" धोका आहे, असा त्याचा अर्थ. एवढं मला आता कळतं.

आजोबा कठड्यावरून कमरेपर्यंत बाहेर वाकले होते. हातात ती काठी, आणि तिचं टोक गल्लीतल्या विजेच्या तारांकडे. इथल्या गल्ल्यांत तारा फार, आणि घरांच्या अगदी जवळून जातात. मी मागून त्यांचा स्वेटर धरला.

"बाई, मागे सरा," ते वळून न बघता म्हणाले. "गाडी सुटल्येय तारेवरून."

"लागली की हो तारेवर," मी म्हटलं. "बघा, लागली."

त्यांनी नीट पाहिलं, मान हलवली आणि काठी खाली ठेवली.

गेलं वर्षभर मी 'बाई' आहे. घरात कुणीतरी कामाला ठेवलेली बाई, असं त्यांना वाटतं. मला ते फार अदबीने वागवतात. चहा दिला की आभार मानतात. पूर्वी कधी मानत नसत. सुरुवातीला मी दर वेळी सांगायची की मी बाई नाही, तुमची बायको आहे. तेव्हा ते एवढे संकोचून जात की मी सांगणं सोडून दिलं. वाईट वाटलं का, असं तुमच्या आईने विचारलं होतं. वाटलं असेल. दात काढताना इंजेक्शन देतात ना, तसं आहे. काहीतरी ओढलं जातंय हे कळतं, एवढंच.

आता ती गाडी. ट्रॉलीबस म्हणजे रुळांशिवायची ट्राम. चाकं बससारखी रबराची, पण टपावर दोन लांब दांडे, आणि ते रस्त्यावरच्या दोन तारांना टेकलेले. त्या तारांतून वीज येते. तुमच्या टोरंटोतही होत्या म्हणतात, तुमच्या जन्माआधी गेल्या.

लग्नानंतर आम्ही काही वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात होतो. लोकरीच्या गिरण्यांचं गाव, सगळं चढउतारांवर वसलेलं. मी पुण्याहून इंग्रजीत एम. ए. करून गेले होते आणि आजोबांकडे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा होता. तिथे माझं इंग्रजी ऐकून दुकानदार हसायचे आणि आजोबांचा डिप्लोमा कुणी उघडूनही पाहिला नाही. त्यांना ट्रॉलीबसवर कंडक्टरची नोकरी मिळाली.

डेपोतले जुने लोक त्या गाड्यांची कहाणी सांगायचे. आधी गावोगावी ट्रामच होत्या. रूळ झिजले, ते नवे घालणं परवडेना. पण वरच्या तारा होत्या, नगरपालिकांची स्वतःची वीज होती, म्हणून ट्रॉलीबस आल्या. धापा न टाकता चढ चढायच्या, धूर नाही, आवाज नाही. आवाज इतका नाही की माणसं पाठीमागून गाडी आल्याचं न कळून दचकायची. मग उलटं फिरलं. डिझेल स्वस्त होतं. गावाबाहेर नव्या वसाहती झाल्या, तिथपर्यंत तारा न्यायच्या कुणी? रस्ते रुंद झाले, चौक हलले, की तारा पुन्हा उभारा. एकेका गावाने गाड्या बंद केल्या. आमच्या गावाने मात्र उशिरापर्यंत चालवल्या. दुसऱ्या गावांनी टाकून दिलेल्या गाड्या विकत घेऊन, रंगवून चालवल्या. आजोबा म्हणायचे, "आपलं गाव म्हणजे ट्रॉलीबसचा पांजरपोळ."

वळणावर कधीकधी दांडे तारांवरून सुटायचे. गाडी जागच्या जागी ठप्प. मग कंडक्टरने उतरायचं, गाडीच्या पोटाखालच्या नळीतून एक लांबच लांब बांबू ओढून काढायचा, त्याच्या आकड्याने दांडा धरून तारेला लावायचा. पावसात, वाऱ्यात, मागे गाड्यांची रांग लागलेली असताना. गोरे कंडक्टर चाचपडायचे. आजोबा रत्नागिरीकडचे. लहानपणापासून काठीला जाळी बांधून उंचावरचे आंबे उतरवलेले. मान वर करून काठीचं टोक नेमकं कुठे आहे ते त्यांना हातात कळायचं. ते एका झटक्यात दांडा लावायचे. इन्स्पेक्टर एकदा म्हणाला, हे कुठे शिकलास? "आमच्या गावी तारेला फळं लागतात," असं यांनी सांगितलं. त्याने ते खरं मानलं असं आजोबांचं म्हणणं.

आणखी एक सांगायला हवं, पुढे लागणार आहे. आपल्या माणसांना फुकट नेतात असा आपल्याकडच्या कंडक्टरांवर संशय असायचा. म्हणून आजोबांनी नियम केला की गाडीत आमची ओळख नाही. मी बाजार करून त्यांच्या गाडीत चढले की ते इतरांना विचारायचे तसंच मलाही विचारायचे, "व्हेअर टू?" आम्ही एकाच खोलीत राहत होतो, तरी. मी सांगायची, "चॅपल लेन, प्लीज." ते तिकीट द्यायचे, मी पैसे द्यायची. नवीन प्रवासी असला की ते म्हणत, "स्टॉप आला की सांगतो." मलाही म्हणायचे. स्टॉप आला की खरंच सांगायचे.

घरी आल्यावर मात्र सुरू व्हायचं.

"आज गाडीत एक बाई होत्या. हिरव्या कोटाच्या. शिकलेल्या दिसत होत्या, पण पिशवीतून कोबी घरंगळला तरी पत्ता नाही."

"हो का? आणि कंडक्टर काय करत होता?"

"बिचाऱ्याने उचलून दिला."

"काय मेलं ध्यान होतं. टोपी डोळ्यांवर आलेली."

"त्या बाई पुन्हा पुन्हा त्याच गाडीला का येतात, कळत नाही."

"दुसरी गाडी वेळेवर येत नाही म्हणून."

हे आम्ही वर्षानुवर्षं खेळलो. शेवटी त्या गावाचीही ट्रॉलीबस गेली. लोक फुटपाथवर उभे राहून बघत होते, काही गोऱ्या म्हाताऱ्या रडत होत्या. आजोबा रडले नाहीत. त्यांना डिझेलच्या बसवर घेणार होते. पण थोड्याच दिवसांत कंडक्टरच नको, ड्रायव्हरच तिकीट देईल असं ठरलं, आणि आम्ही पुण्याला परत आलो. पुढचं तुमच्या आईला ठाऊक आहे.

बाल्कनीतल्या प्रकारानंतर मामाने दाराला वरून कडी लावली आणि रात्री जेवताना जुना विषय काढला. पुण्यात अशा रुग्णांसाठी एक केंद्र आहे. आमचा तीन महिन्यांचा व्हिसा संपला की मी आजोबांना परत घेऊन जाणार. पुण्याच्या घरी आम्ही दोघंच. तिथे ते दोनदा जिना उतरून निघून गेले होते, एकदा रिक्षावाल्याने आणून सोडलं.

"आई, तुला कमरेचा पट्टा लावून चालावं लागतं," मामा म्हणाला. "तू त्यांना किती दिवस धरून ठेवणार?"

मामी म्हणाली, "आई, आम्ही तुमच्यावर लादत नाही. पण जागा राखून ठेवायची तर त्यांना लवकर कळवावं लागेल."

मी विचार करते म्हटलं. मामाने त्याच आठवड्यात शोधून काढलं की जपानमधली शेवटची ट्रॉलीबस तातेयामाच्या डोंगरातल्या बोगद्यातून धावते, आणि हिवाळा लागला की तीही कायमची बंद होणार आहे. तिचे सुटे भाग मिळेनासे झालेत. तिच्या जागी बॅटरीची बस येणार. "बाबांना दाखवायची?" त्याने विचारलं.

मी मनाशी एक ठरवलं आणि त्याला सांगूनही टाकलं, कारण अटी उघड असलेल्या बऱ्या. त्या गाडीत आजोबांनी मला एकदा ओळखलं तर ते घरी राहतील. नाही ओळखलं तर तू केंद्राला कळव.

"अशी परीक्षा घेतात का कुणी?" मामा म्हणाला.

"मग कसं ठरवायचं, तू सांग."

त्याने तिकिटं काढली.

तोयामापर्यंत शिनकानसेन, म्हणजे इथली बुलेट ट्रेन, रात्री तिथे मुक्काम, सकाळी लोकल गाडी, मग तारेने ओढली जाणारी केबल कार, मग डोंगर चढणारी बस. आजोबा शांत होते. वर थंडी होती आणि पहिला बर्फ पडून गेला होता. सगळे लोक बाहेर डोंगराचे फोटो काढत होते. आम्ही तिघं जिना उतरून बोगद्यातल्या स्टेशनावर गेलो.

गाडी उभी होती. एकमजली, पांढरी, स्वच्छ. टपावर दोन दांडे, वर दोन तारा, मागच्या बाजूला दांड्यांच्या दोऱ्या. आजोबा मागे जाऊन उभे राहिले. त्यांनी दोऱ्या पाहिल्या, मग वाकून गाडीच्या पोटाखाली पाहिलं.

"बांबू कुठाय?" त्यांनी मामाला विचारलं.

"नसेल बाबा, इथे लागत नसेल."

"लागत नाही म्हणजे? सुटल्यावर काय हाताने लावणार?"

स्टेशनवरचा तरुण धावत आला. पाहुणे मागे उभे राहिलेले चालत नव्हतं. मामाने त्याला जपानीत काय ते सांगितलं. त्याने टोपी काढली, आजोबांसमोर वाकला आणि मामाला काही म्हणाला. मामाने आम्हाला सांगितलं, काठी आहे, आत ठेवलेली असते. आजोबांचं समाधान झालं. "ठेवा म्हणावं. विसरू नका," ते म्हणाले.

गाडीत आम्हाला मागच्या बाजूला जागा मिळाली. मी खिडकीशी, माझ्यामागे एक जपानी बाई तिच्या मैत्रिणीबरोबर. ड्रायव्हरने पांढरे हातमोजे घातलेल्या हाताने पुढे बोट दाखवून काहीतरी मोठ्याने म्हटलं, आणि गाडी निघाली. तो आवाज मी विसरले होते. आवाज म्हणण्यासारखा नव्हताच तो, कुणीतरी बंद ओठांनी गुणगुणावं तसा. बोगद्याच्या ओल्या भिंती दिव्यांत मागे जात होत्या. मी माझ्या मनाकडे लक्ष देऊन पाहिलं. तिथे काही नव्हतं. फक्त मी वाट बघतेय एवढं कळत होतं.

मध्यावर समोरून येणाऱ्या गाडीसाठी आमची गाडी थांबली. आजोबा उठून उभे राहिले. मामा त्यांना धरायला निघाला, मी त्याला हाताने थांबवलं. त्यांनी डाव्या हाताने वरची कडी धरली, पाय थोडे फाकवले, पाठ गाडीतल्या खांबाला टेकवली. इतक्या महिन्यांत मी त्यांना असं सरळ उभं पाहिलं नव्हतं. मग ते वाकून माझ्याकडे बघायला लागले, अगदी माझ्या डोळ्यांत. मला वाटलं, आता.

"व्हेअर टू?" ते म्हणाले.

मी म्हटलं, "चॅपल लेन, प्लीज."

त्यांनी हात पुढे केला. मी माझं तिकीट त्यांच्या हातात ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून मला परत दिलं.

"स्टॉप आला की सांगतो."

"थँक यू."

मामा माझ्याकडे बघत होता. त्याला लहानपणी त्या खेळाची गोष्ट सांगितलेली होती, त्याचे डोळे भरून आले होते. "आई," तो हळूच म्हणाला, "ओळखलं ना त्यांनी?"

तेवढ्यात आजोबा एक पाऊल मागे सरकले आणि माझ्यामागच्या जपानी बाईंकडे वाकले. तोच चेहरा, तीच नजर.

"व्हेअर टू?"

त्या बाई गोंधळल्या, मग हसून त्यांनी दोन्ही हातांनी आपलं तिकीट पुढे केलं. आजोबांनी तेही पाहून परत दिलं. त्यांनाही स्टॉप सांगायचं कबूल केलं. मग त्यांच्या मैत्रिणीलाही.

समोरची गाडी शेजारून निघून गेली. आमची पुन्हा गुणगुणायला लागली. आजोबा पलीकडच्या टोकापर्यंत उभेच राहिले. गाडी थांबल्यावर त्यांनी वाकून मला सांगितलं, "चॅपल लेन." मी उतरले. जिन्याशी त्यांनी मला हात दिला, जसा कुठल्याही म्हाताऱ्या बाईला देतील.

परतीच्या गाडीत आजोबा झोपले. मी मामाला म्हटलं, "केंद्राला कळव."

"तू म्हणशील तर अजून थांबू. ते जवळजवळ ओळखल्यासारखंच होतं."

"नव्हतं. त्यांनी तिघींना विचारलं." मामा खिडकीबाहेर बघायला लागला. मी म्हटलं, "रडू नकोस, लिहून घे. केंद्रातल्या लोकांना हे सांगायला हवं."

त्याने फोन काढला. मी सांगितलं ते असं: लांब काठ्या, झाडू, पडद्यांच्या दांड्या त्यांच्या हाताला लागू देऊ नयेत. गाडी तारेवरून सुटली म्हणाले तर लागली म्हणून सांगावं, वाद घालू नये. कुठे जायचं असं विचारलं तर कुठल्याही गावाचं नाव सांगावं. तिकीट मागितलं तर कुठलाही कागद चालतो, पण द्यायला हवा. फुकट कुणाला नेत नाहीत.

"आणि भेटायला कधी येणार असं विचारतील," मामा म्हणाला.

"रोज दुपारी. तिथे बस जाते का, तेवढं विचारून ठेव."