सुदामच्या नावाची ओळ

सुदाम गेल्याचा फोन आला तेव्हा मी परळला, त्याच्या चाळीच्या अभ्यासिकेत त्याचीच वाट पाहत बसलो होतो. अलीकडे तो माहीमला मुलीकडे राहायचा, पण अकराच्या ठोक्याला इथे हजर. त्या दिवशी साडेअकरा झाले. त्याची मुलगी संघमित्रा फोनवर एवढंच म्हणाली, "काका, बाबा आज उठलेच नाहीत..." मनात पहिलं काय आलं ते लिहायला लाज वाटते. त्याला सांगायचं राहिलं, एवढंच आलं. तो जाऊन आता सात आठवडे झाले. जे त्याला सांगायचं होतं ते इथे, सगळ्यांसमोर सांगतो.

सुदाम तांबे आणि मी महापालिकेच्या शाळेत एका बाकावर होतो. पुढे मी विमा कचेरीत हेडक्लार्क झालो, फणसवाडीत राहायला गेलो. तो टेलिफोन खात्यात केबल जोडायचा. रस्त्यातल्या खड्ड्यात बसून शेकडो तारांच्या गुच्छातून नेमकी जोडी शोधायची, हे त्याचं जन्माचं काम. निवृत्तीनंतर माझ्या मुलाच्या ऑफिसातून आठ जुने लॅपटॉप अभ्यासिकेला मिळाले, तेव्हा सुदामनं त्यांच्यावर लिनक्स चढवलं. जगभरची माणसं मिळून लिहितात, कुणीही फुकट वापरावी, काही चाललं नाही तर कळवावं, अशी ती संगणक प्रणाली. वायफाय लागलं, पडदे उजळले, पण स्पीकर मुके. स्पर्धा परीक्षेची मुलं त्यावर व्याख्यानं ऐकणार होती.

"हेडफोन आणा म्हणावं," मी म्हणालो.

"सगळ्यांना तू वाटणार का? अरे, तार आत आहेच ना. आपल्याला सापडत नाही एवढंच."

आवाजाची चिप तीच असली तरी प्रत्येक मॉडेलमध्ये तिची जोडणी निराळी. कोणत्या पिनेनं स्पीकर जागा होतो, ते लिनक्सला कुणीतरी सांगावं लागतं. सुदाम एकेक पिन तपासू लागला. प्रत्येक प्रयत्नाची वहीत एक ओळ: क्रमांक, काय बदललं, फुली. आवाज तपासायची आज्ञा दिली की, सगळं जुळलं असेल तर, एक बाई इंग्रजीत "फ्रंट लेफ्ट" म्हणते. मी दारातूनच विचारायचो, "बाई बोलली का?"

"लाजते रे. तू बाहेर जा, मग बोलेल."

त्रेसष्टाव्या वेळी ती बोलली. सुदामनं तीनदा ऐकलं आणि मगच वहीत बरोबरची खूण केली. मग माझ्याकडे वही सरकवून म्हणाला, "हेडक्लार्क, आता तुमचं इंग्रजी काढा."

मी सगळं नीट लिहून लिनक्सच्या लोकांना पाठवलं. परदेशातल्या एका गृहस्थांनी ती दुरुस्ती प्रणालीत घेतली. त्या लोकांत एक रीत आहे. प्रत्येक दुरुस्तीखाली, दोष कुणी शोधला, कुणी तपासला, त्यांची नावं कायमची लिहितात. कोणतं नाव घालू, असं त्यांनी विचारलं. मी माझं कळवलं. घाईत झालं, ईमेल माझा होता, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मी ते नाव लिहून दोनदा वाचलं होतं आणि मला बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुदामनं विचारलं, "नाव घातलंस ना रे? दोघांचं?"

"हो."

"बास."

चाळीच्या वार्षिक कार्यक्रमात त्या दुरुस्तीबद्दलची शाल मला मिळाली. सुदाम तिसऱ्या रांगेत टाळ्या वाजवत होता. हात एकाचे आणि नाव दुसऱ्याचं, हे त्याच्या बापजाद्यांच्या वाट्याला पुरेपूर आलं होतं. मला ते ठाऊक होतं... आणि तरीही.

तो गेल्यावर संघमित्रानं ती वही माझ्या हातात दिली. त्रेसष्टाव्या ओळीखाली सुदामनं इंटरनेटवरची ती नोंद रोमन अक्षरांत, एकेक अक्षर कोरल्यासारखी उतरवून घेतली होती. शोधणारा, तपासणारा, दोन्हीकडे मी एकटा. खाली मराठीत दोन शब्द: आवाज चालू. म्हणजे त्यानं वाचलं होतं. आणि नंतर रोज माझ्या शेजारी बसून चहा प्यायला होता.

आठांतले दोन लॅपटॉप वेगळ्या मॉडेलचे होते. ते अजून मुकेच होते, आणि त्याच वहीतली त्यांची पानं एक्केचाळिसाव्या ओळीवर थांबली होती. मला यातलं काही येत नव्हतं. त्याच्या जुन्या पानांवरच्या आज्ञा बघून बघून टाइप करायला लागलो. एक टिंब चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मुलगा म्हणाला, "बाबा, नवे घेऊन देतो ना दोन." नको म्हटलं. रोज अकराला जात राहिलो. फुल्या वाढत गेल्या. अठ्ठावन्नाव्या वेळी ती बाई इतकी मोठ्यानं बोलली की अभ्यासाला बसलेल्या मुलींनी माना वर केल्या. मी तीनदा ऐकलं, मगच खूण केली.

मग त्या गृहस्थांना सगळं लिहिलं, आधीचं खोटंही. त्यांनी कळवलं, मागची नोंद बदलता येत नाही. ते मॉडेल जिथे कुठे सुरू होईल तिथे सुदामच्या कष्टांखाली माझंच नाव राहणार. म्हणून हा लेख. नव्या दुरुस्तीसाठी मी त्याचं एकट्याचं नाव दिलं, तर त्यांनी विचारलं, "शेवटच्या सतरा वेळा तुम्ही तपासलंत ना? मग तेही लिहावं लागेल. खोटी नोंद आम्ही करत नाही."

"लिहा," मी कळवलं, "पण त्याच्या खाली."

वही अभ्यासिकेच्या टेबलावर असते. टेलिफोनच्या निळ्या-पांढऱ्या तारेनं तिला पेन्सिल बांधलेली आहे. गाठ त्याचीच. त्या पेन्सिलीनं मी नवी नोंद अठ्ठावन्नाव्या ओळीखाली उतरवली, रोमन अक्षरांत, त्याच्यासारखीच सावकाश. त्याखाली मराठीत लिहिलं: आवाज चालू. नावं घातली, दोघांची.